बांधावरचं विरजण

माझ्याकडे आलेल्या तक्रारींची सुरुवात बहुतेक एकाच वाक्यानं व्हायची. "मॅडम, परवापर्यंत कायबी नव्हतं."

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझी सगळी नोकरी झाली. आधी कृषी सहायक, नंतर पर्यवेक्षक. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या काळात मावा, हुमणी, पिठ्या ढेकूण, गोचीड अशा मंडळींशी माझा जेवढा संबंध आला तेवढा नातेवाइकांशीही आला नसेल. आणि खरं सांगते, परवापर्यंत काहीच नव्हतं असं कधीच नसतं. कीड अचानक येत नाही. आपलं तिच्याकडे लक्ष अचानक जातं. तिच्यासाठी दार कुणीतरी आधीच उघडून ठेवलेलं असतं, आणि पुष्कळदा ते उघडणारे आपणच असतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मेढ्याजवळच्या आमच्या घरी. वडील घाटरस्त्यावर दुरुस्तीच्या गँगमध्ये कामाला होते. एक गाय होती, कुडाचा गोठा होता आणि गोठ्यात आईच्या कोंबड्या फिरत असायच्या. एका वर्षी वडिलांनी हौसेनं दगडी भिंतीचा गोठा बांधला. भिंतींना गिलावा करायचा राहिला आणि कोंबड्या घाण करतात म्हणून देऊन टाकल्या. पुढच्या उन्हाळ्यात गाय गोचिडांनी भरली. कान, कास, शेपटीचं मूळ, बोट ठेवायला जागा नव्हती. आम्ही रोज गोचीड काढायचो आणि रोज नवे दिसायचे. मेढ्याच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला विचारलं, "अंडी कुठं घालतो गोचीड?" मला वाटलं, गाईवरच. ते घरी आले, खिशातलं भिंग काढलं आणि मला भिंतीची फट दाखवली. फटीत साबुदाण्याहून बारीक, तांबूस अंड्यांचे ढीगच्या ढीग होते. दोष गाईचा नव्हता. आम्ही गोचिडांना घर बांधून दिलं होतं आणि त्यांना टिपणाऱ्या कोंबड्या हाकलल्या होत्या.

मी कृषी महाविद्यालयात जायला निघाले तेव्हा सरांनी ते भिंग मला दिलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्या भिंगाच्या आणि सरांच्या ऋणात मी अजून आहे. म्हणूनच पुढची चूक सांगताना जास्त जड जातं, कारण ती भिंग पिशवीत असताना झाली.

वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. तिथं माळाच्या उंचवट्याला दोन उसाचे फड शेजारी शेजारी होते. मध्ये एक बांध. एक फड सुभेदारांचा. फौजेतून निवृत्त झालेले, गावात सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. दुसरा त्यांच्या थोरल्या भावाच्या मागं राहिलेल्या वहिनीचा, तानूआक्कांचा. आक्का या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा सुभेदार नुसते बाळू होते आणि पाटी घेऊन शाळेत जात होते. त्यांना न्हाऊ-माखू घालून आक्कांनीच वाढवलेलं. तरीही तीन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कारण मधला बांध. सुभेदारांनी ट्रॅक्टर लावताना बांधाचा एक सरीभर भाग आत घेतला, असं आक्कांचं म्हणणं. बांध वाकडा होता तो सरळ केला, असं सुभेदारांचं.

सुभेदारांचा फड बघायला लोक यायचे. परेड उभी करावी तशा सऱ्या, एक तण नाही, बांधावरचं गवतही औषध मारून जाळलेलं. पानं काळपट हिरवी आणि हाताएवढी रुंद. आक्कांचा ऊस बरा होता, एवढंच. पण बांधाची त्यांची बाजू म्हणजे जंगल. गवत, रानफुलं, आपोआप उगवलेली चवळी, दोन-चार मक्याची ताटं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. खालच्या अंगाचे ऊस पंधरा दिवस पाण्यात राहिले आणि कुजले. पूर्वहंगामी लागणीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या नव्या लावणीला, गावात चांगलं बेणं उरलं नाही. बेणं म्हणजे लावायला कापलेले उसाच्या कांड्यांचे तुकडे. मूळ बेणं रोगट असलं की सगळा मळा रोगट होतो. ग्रामसभेत सुभेदार उभे राहिले आणि म्हणाले, "पुरात ऊस गेलेल्या प्रत्येक घराला बेणं माझ्या फडातून. शब्द दिला." लोकांनी नावं लिहून घेतली. नोव्हेंबरपर्यंत लागणी व्हायला हव्या होत्या. दुसरीकडून बेणं आणायची कुणीच सोय केली नाही, कारण सुभेदारांचा शब्द होता.

सप्टेंबरात सकाळी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. उसाचं पान उलटं धरलेलं, मधल्या शिरेलगत कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर. खाली मजकूर: "मॅडम, परवापर्यंत काही नव्हते. पुढील आदेश द्यावा."

लोकरी मावा. फोटो पाहताच ओळखला. त्या वेळी मी पुराच्या पंचनाम्यात गुंतले होते. एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात फोन, पायाखाली चिखल. अंगठ्यानं लिहिलं, "लगेच फवारणी घ्या." औषधाचं नाव दिलं. शिवाय ड्रोननं फवारणी करणाऱ्या गटाला फोन करून त्यांचा नंबर लावून दिला, कारण उंच उसात पाठीवर पंप घेऊन शिरता येत नाही. आपण केवढं तत्पर काम केलं असं मला वाटलं होतं.

दोन दिवसांत ड्रोन आला. अर्धं गाव बघायला गेलं. ड्रोनवाल्यानं जाता जाता आक्कांना विचारलं, "आज्जे, तुमच्याबी फडावर मारू का?"

"मार की," आक्का म्हणाल्या. "आन् वाढं काय तू खातूस? माझी म्हस परवा व्यालीया. तिच्या तोंडात जातंय ते." वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांची वैरण. ड्रोन परत गेला.

चौथ्या दिवशी सुभेदारांचा फोटो आला: पान स्वच्छ. सोळाव्या दिवशी दुसरा आला: पानं वरपासून खालपर्यंत पांढरी आणि खालच्या पानांवर काजळी धरलेली. या वेळी त्यांनी आदेश मागितला नव्हता. फक्त लिहिलं होतं, "पोझिशन खराब."

तेव्हा मी प्रत्यक्ष गेले.

फडात शिरलं की बाहेरचा आवाज थांबतो. पान खाली वाकवलं, उलटलं आणि भिंग लावलं. मावा साध्या डोळ्यांना नुसता कापूस दिसतो. भिंगाखाली त्या कापसात शेकडो जिवंत ठिपके असतात, प्रत्येकाची सोंड पानात रुतलेली. मी बघत असतानाच एका मादीच्या मागून एक पिल्लू बाहेर आलं, पाय पसरून उभं राहिलं आणि दोन पावलं चालून त्यानंही सोंड रुतवली. या किड्यात नर लागत नाही, अंडीही नाहीत. आई थेट मुलगी जन्माला घालते आणि त्या मुलीच्या पोटात तिची मुलगी आधीच वाढू लागलेली असते. आजी, आई आणि नात एकाच वेळी एकाच अंगात. एवढी वर्षं हे काम केलं, तरी हे दिसलं की मी दोन क्षण काम विसरते.

मग त्या कापसाखाली मला रेशमाची बारीक जाळी दिसली. सुईनं ती उचकटली. आत एक हिरवट करडी अळी होती, जेमतेम अर्ध्या बोटाची. वाळलेली, मेलेली. शेजारच्या पानावर तसंच. त्याच्या शेजारीही.

या अळीला आमच्यात डिफा म्हणतात. ती उसाला दात लावत नाही. ती फक्त मावा खाते. माव्याच्या वस्तीत रेशमाचा मांडव घालते आणि त्याच्या आडोशानं सरकत एकेक मावा फस्त करते. सुभेदारांच्या फडात ती आधीच पोचली होती. मी एक पान उलटून बघितलं असतं तर कळलं असतं. मी अंगठ्यानं उत्तर दिलं आणि वाढत असलेली मदतच मारून टाकली. ड्रोनचं औषध वरून पडलं, पानाच्या खालच्या अंगाला असलेला बराच मावा वाचला. जे वाचलं त्याला आता खाणारं कुणी उरलं नव्हतं.

आणि दार तर आधीपासून उघडंच होतं. बेण्याचा मळा म्हणून सुभेदारांनी युरियाची मात्रा मनानं वाढवली होती. जास्त युरिया खाल्लेलं पान दिसायला जोमदार असतं, पण आतून मऊ असतं. त्याचा रस माव्याला मानवतो. वर दाट पानोळा, कोंदट सावली, बांधावर एक फूल नाही. माव्याचे शत्रू राहायचे कुठं? ज्या गोष्टींसाठी लोक तो फड बघायला येत होते, त्याच गोष्टींसाठी मावाही आला होता.

मी बांध ओलांडून आक्कांच्या फडात गेले. त्या म्हशीसाठी वाढं गोळा करत होत्या. त्यांच्याही उसावर मावा होता, पण तुकड्या-तुकड्यानं. पान उलटलं. जाळी. जाळीत जिवंत अळी, तोंड खाली, खाण्यात गर्क. पुढच्या पानावर दोन. काही पानांवर तर नुसती रिकामी जाळी आणि पांढरी भुकटी, मावा संपलेला.

"काय बघतीयास पोरी? त्या हिरवीला?" आक्का जवळ आल्या. "लय खादाड हाय ती. मी रोज बघतीया. त्या पांढऱ्याला खाती, पानाला न्हाई."

"आक्का, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कवा कुणी?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. "आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नात मानाची मावळण जेवाय बसल्यागत बसलीया की. मान वर करंना."

सुभेदार त्यांच्या फडाच्या तोंडाशी उभे होते. मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे. फोटोवरून औषध सांगायला नको होतं. ते दूर बघत राहिले आणि म्हणाले, "ऑर्डर तुमची व्हती मॅडम. गोळी मीच झाडली. युरिया बी मीच टाकला." मग विचारलं, "आता? लोकान्ला शब्द दिलाय."

मी म्हटलं, पुन्हा औषध नको. आक्कांच्या फडातली अळी असलेली पानं कापून तुकडे करायचे आणि तुमच्या पानांना टाचायचे. अळ्या नव्या पानावर उतरतात. पण आता उशीर झालाय, जमेलच असं सांगता येत नाही. युरिया बंद, एक पाणी चुकवायचं आणि बांधाला हात लावायचा नाही.

बांध म्हटल्यावर त्यांच्या जबड्याची हाडं हलली. "तुमी मागा तिच्याकडं," ते म्हणाले.

मी परत आक्कांकडे गेले. त्या वाढ्याची पेंढी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला तोंड हाय न्हवं?"

त्या दिवशी मी गावातच थांबले. संध्याकाळी आक्कांच्या पडवीत चहा घेत होते. आक्कांनी देवापाशी दिवा लावला आणि त्याच वेळी दारात सुभेदार येऊन उभे राहिले. हातात झाकणाचा स्टीलचा डबा. तीन वर्षांनी त्या उंबऱ्यापाशी आले होते. पाठ ताठ, पण नजर डब्यावर.

"वैनी," ते म्हणाले, "थोडी ती आळी पायजे व्हती."

आक्का बाहेर आल्या. डब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "डबा कशाला आणलास? इरजान मागायला आलायस व्हय?"

"तसंच समजा," ते म्हणाले.

"मग दिवेलागणीला मागत्यात व्हय इरजान? यवढा म्हातारा झालास, फौज हिंडून आलास, यवढं बी ध्येनात ऱ्हाईना?" आक्का म्हणाल्या. "सकाळी ये."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दूध, ताक, विरजण दिवा लागल्यावर घराबाहेर देत नाहीत आमच्याकडे. लक्ष्मी जाते म्हणतात. पण दिवसा कुणी विरजण मागायला आलं तर नाही म्हणायची रीत नाही, मग तो शत्रू का असेना. मागणाऱ्याचं दूध नासू नये, एवढंच बघायचं असतं. विरजण उसनं नसतं. ते परत करायचं नसतं.

सुभेदार डबा घेऊन वळले. मला वाटलं, मोडलं सगळं. आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यील. लहानपणी बी असाच होता. एकदा न्हाई म्हटलं की सकाळी उठायच्या आत उशाशी बसायचा."

सकाळी उजाडताना मी फडावर पोचले तेव्हा बांधावर दोघं होते. आक्का विळ्यानं पान कापत होत्या, प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून आत अळी आहे का बघत होत्या आणि डब्यात ठेवत होत्या. सुभेदार बाभळीचे काटे तोडून आणत होते. तुकडा पानाला टाचायला बाभळीचा काटा चांगला लागतो, टाचणी गंजते. दोघं फारसं बोलत नव्हते. मध्येच आक्का म्हणाल्या, "पालथं टाच रं. उताणं टाचलंस तर मरंल." एवढंच.

मग वाट बघणं. या धंद्यातलं हे सगळ्यात अवघड काम आणि याचा पगारपत्रकात उल्लेख नसतो. पहिले बारा-पंधरा दिवस काहीच दिसलं नाही. पुरात ऊस गेलेले लोक फडाच्या तोंडाशी येऊन बघून जायचे. एकानं सुभेदारांना विचारलं, "बेणं दुसरीकडनं बघू का सायेब?" सुभेदार म्हणाले, "आठ दिवस थांब." ते आठ दिवस त्यांनी माझ्या भरवशावर मागितले होते.

मला रोज सकाळी त्यांचा अहवाल यायचा. "उत्तर बाजू, तिसरी सरी. अळी एक. हजर." दुसऱ्या दिवशी, "पूर्व बाजू. अळ्या चार. काम चालू." माझा नवरा विचारायचा, हे कुठल्या सीमेवरचं चाललंय?

एकदा त्यांनी फोन केला. "मॅडम, एक विचारू? मी पानं टाचली ती बांधालगतच्या चार सऱ्यांत. ही आत मधोमध कशी पोचली? रस्ता कुणी दाखवला?"

मी म्हटलं, अळी मोठी झाली की तिचं पाखरू होतं, ते उडत जाऊन अंडी घालतं. पण मावा कुठल्या पानावर आहे हे त्याला कसं कळतं, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. माव्याच्या चिकट गोड स्रावाचा वास येत असावा. शास्त्रज्ञ असंही सांगतात की सोंड रुतली की पान स्वतःच वेगळा वास सोडतं आणि त्या वासानं किडीचे शत्रू येतात.

"म्हंजी ऊस हाक मारतूय?"

"तसं म्हणता येईल."

"आन् आमी वरनं औषध मारलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ऑक्टोबर संपता संपता मी गेले तेव्हा फडात शिरल्यावर आधी मला विश्वास बसेना. पानांच्या शिरेलगत कापूस नव्हता. राखेसारखी भुकटी आणि रिकाम्या जाळ्या होत्या, हात लावला की गळून पडणाऱ्या. वर नवं पान स्वच्छ निघालं होतं. आदल्या वेळेइतकं काळपट नव्हतं ते. थोडं पोपटी, थोडं राठ. एका पानाला एक तपकिरी पाखरू चिकटून बसलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं. मी भिंग काढलं नाही. हात जोडावेसे वाटले, पण हातात पान होतं.

नोव्हेंबरात बेण्याची तोड लागली. ज्यांची नावं लिहिली होती त्या प्रत्येक घराची बैलगाडी नाहीतर ट्रॉली फडावर आली. मीही गेले होते, बेणं तपासायला. आक्का बांधावर म्हैस चारत बसल्या होत्या, बघायला आल्याचं त्यांनी कबूल केलं नाही.

दुपारपर्यंत फड आडवा झाला. एक सोडून. बांधाला लागून असलेली सरी उभीच होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तोडकऱ्यांचा मुकादम म्हणाला, "सायेब, ही ऱ्हायली की. कोयता लावू का?"

सुभेदारांनी मान हलवली. ती कुठली सरी होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी बांधातून आत घेतलेली तीच.

"न्हाई," ते म्हणाले, आक्कांकडे न बघता. "ती ऱ्हाऊ दे. इरजानापुरती ठेवलीया. आता ती सरी बांधाचीच."

आक्कांनी म्हशीचं दावं दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "बाळू, जेवून जा. ताक घुसळलंय."